स्मार्ट पर्यटनावर संशोधनाचा पूर आलाय. विषय वाढलाय की नुसता शब्द?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. पर्यटनशास्त्रात पीएचडीची नोंदणी होऊन पाच महिने झाले. ऑगस्टमध्ये आराखडा द्यायचा आहे. मार्गदर्शक म्हणाल्या, स्मार्ट पर्यटन घे, सध्या त्यावर खूप काम होतंय, आधीच्या सगळ्या लेखांचा आढावा घेतलास तरी पहिलं प्रकरण उभं राहील.

म्हणून महिनाभर विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून स्कोपसमध्ये, म्हणजे जगभरच्या संशोधनलेखांच्या नोंदींच्या संग्रहात, शोध घेतला. साधारण २०१३ पर्यंत तुरळक लेख, २०१५ नंतर रेघ वर चढायला लागते आणि पुढे चढतच राहते. मग सगळ्या नोंदी व्हॉसव्ह्यूअरमध्ये टाकून नकाशा काढला. हे सॉफ्टवेअर कुठले शब्द एकमेकांसोबत येतात ते रंगीत ठिपक्यांनी दाखवतं. बिग डेटा, सोशल मीडिया, स्मार्टफोन, कोविड, समाधान हे ठिपके लिंबाएवढे. 'रहिवासी' हा ठिपका मात्र बराच वेळ दिसेना. पडदा मोठा करत करत गेले तेव्हा कडेला मोहरीएवढा सापडला.

त्या रात्री झोप लागली नाही. माझं आजोळ गुहागरजवळ आहे. पर्यटनाने तिथे काय आणलं आणि काय नेलं ते लहानपणापासून बघत आले. एवढ्या लेखांमध्ये आजोळची माणसं कुठे आहेत? हा विषय खरोखर वाढतोय की एक शब्द सगळ्यांच्या लेखांवर चिकटत चाललाय? तुम्ही कोणी संशोधनात असाल, पर्यटनाच्या धंद्यात असाल, नुसते फिरणारे असाल, तरी लिहा. मला मनापासून हवं आहे.

रविवारचा_ट्रेकर
आधी स्मार्ट पर्यटन म्हणजे काय ते तर सांग. गडाच्या दारात क्यूआर कोडची पाटी लावली की गड स्मार्ट झाला का?

पाऊलवाट
@रविवारचा_ट्रेकर, पाटीने होत नाही. ग्रेट्झेल, सिगाला, शियांग आणि कू या चौघांचा २०१५ चा लेख या विषयात जवळपास सगळे उद्धृत करतात. त्यात त्यांनी आधीच्या ई-पर्यटनापासून याचा फरक दाखवलाय. ई-पर्यटन मुख्यतः प्रवासाच्या आधी आणि नंतर: संकेतस्थळ पाहणं, तिकीट काढणं, घरी येऊन अभिप्राय लिहिणं. स्मार्ट पर्यटन प्रवास चालू असताना. तुमचा फोन, रस्त्यावरचे सेन्सर, बसची वेळ, हॉटेलची खोली, तिकीटखिडकीवरची रांग ही सगळी माहिती एकमेकांना कळते आणि त्यावरून तिथल्या तिथे काहीतरी बदलतं. रांग मोठी झाली की पुढच्या माणसाला दुसऱ्या दारी पाठवणं, असं. आणि हे एकट्या कंपनीचं काम नाही, सरकार, धंदेवाले आणि पर्यटक तिघांनी माहिती वाटून घ्यायची असं ते म्हणतात.

त्याच्या थोडं आधी बुहालिस आणि अमरांग्गना यांनी स्मार्ट शहराची कल्पना पर्यटनस्थळाला लावून पाहिली होती. मुळापर्यंत गेलं तर १९९४ ला इन्सब्रुकला भरलेली 'एंटर' परिषद सापडते, पर्यटन आणि संगणक या विषयावरची. म्हणजे झाड जुनं आहे, पाटी नवी.

रविवारचा_ट्रेकर
आता कळलं. म्हणजे लोहगडावर पावसाळ्यातल्या रविवारी पायऱ्यांवर माणसं अडकतात, ते खाली मळवली स्टेशनवरच कळायला हवं. हे झालं तर मी स्वतः हार घालायला येईन.

ग्रंथपाल_मावशी
पाऊलवाट, तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही. बत्तीस वर्षं महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली, त्यामुळे हे माझ्या अंगणातलं आहे.

संशोधनाची मोजदाद करण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९४८ मध्ये 'लायब्रमेट्री' हा शब्द सुचवला. 'बिब्लिओमेट्रिक्स' हा शब्द प्रिचर्डने वापरला तो १९६९ मध्ये, म्हणजे वीस-एकवीस वर्षांनी. तेव्हा हे काम करताना मान ताठ ठेव.

आता मुद्दा. नुसती चढती रेघ बघून 'वाढ' म्हणू नकोस. डेरेक प्राइस या विज्ञानाच्या अभ्यासकाने साठच्या दशकातच दाखवून दिलं होतं की एकूण विज्ञानसाहित्यच दहा-पंधरा वर्षांत दुप्पट होत जातं. सगळ्याच नद्यांना पूर आलेला असताना एका ओढ्याचं पाणी वाढलं यात नवल नाही. म्हणून छेदात काय ठेवतेस ते महत्त्वाचं. पर्यटनावरच्या सगळ्या लेखांत स्मार्ट पर्यटनाचा वाटा दर वर्षी किती, ते काढ. वाटा वाढत असेल तर विषय वाढतोय.

दुसरं म्हणजे शब्द बदलल्याने किती वाढ झाली ते वेगळं काढ. २०१० चे ई-पर्यटनाचे पन्नास लेख आणि २०२० चे स्मार्ट पर्यटनाचे पन्नास लेख समोरासमोर ठेव, पद्धत आणि प्रश्न हाताने वाच. हाताने म्हणजे हाताने. सॉफ्टवेअरला शब्द दिसतो, प्रश्न दिसत नाही. पन्नासातले तीस लेख जुनाच प्रश्न नव्या नावाने विचारत असतील तर तेच तुझं पहिलं निरीक्षण.

आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. स्कोपस म्हणजे जग नाही. चीनच्या पर्यटन प्रशासनाने २०१४ हे स्मार्ट पर्यटन वर्ष म्हणून साजरं केलं. त्या देशातलं चिनी भाषेतलं लेखन त्यांच्या स्वतःच्या संग्रहांत आहे, तुझ्या नकाशात त्यातलं फार थोडं उतरलं असणार. स्पॅनिशचंही तेच. मराठीत कोणी गावच्या यात्रेच्या नियोजनावर प्रबंध लिहिला असेल तर तो तर कुठल्याच नकाशात नाही.

शब्दवेडा
मावशींनी चिनी भाषेचा विषय काढलाच आहे तर सांगतो. चिनीत याला 'झीहुई ल्यूयोउ' म्हणतात. झीहुई म्हणजे शहाणपण, प्रज्ञा. स्पॅनिशमध्ये 'देस्तिनो तुरिस्तिको इंतेलिहेन्ते', म्हणजे बुद्धिमान स्थळ. आपण मात्र स्मार्ट तसाच ठेवला. मराठीत काय म्हणावं? चतुर पर्यटन म्हटलं की कोणीतरी कोणाला तरी गंडवतंय असं वाटतं. हुशार पर्यटन म्हणजे पहिल्या बाकावरचं. मला 'जाणतं पर्यटन' आवडतं. जाणता माणूस आपल्याकडे कोणाला म्हणतात? ज्याला दुसऱ्याची अडचण आधी कळते त्याला.

सातारी_कंदी
जाणतं पर्यटन! हे घ्याच. मावशी, तुम्ही आमच्या वेळी कॉलेजात असता तर मी बी.ए. पहिल्या वर्गात पास झालो असतो.

ग्रंथपाल_मावशी
@सातारी_कंदी, अजून वेळ गेलेली नाही, ये. शब्दवेडा, शब्द छान आहे.

इंचॉनकर
मी कोरियात इंचॉनला सहा वर्षं आहे. इंचॉनला २०२० मध्ये स्मार्ट पर्यटन शहर म्हणून निवडलं. जुन्या बंदराचा भाग, जिथे चायनाटाउन आहे, तिथला हा प्रकल्प. एका ॲपमध्ये वाटा, जुने फोटो, जेवणाची ठिकाणं, वाहनं असं सगळं. सोलच्या क्युंग ही विद्यापीठात या विषयाचं केंद्रच आहे, पाऊलवाटने ज्या चौघांची नावं लिहिली त्यातले कू तिथलेच. त्यामुळे इथे संशोधन आणि पालिका एकमेकांच्या दारात असतात, हे मला चांगलं वाटतं.

पण एक प्रसंग सांगतो. पहिल्या वर्षी आईबाबा आले होते. मी कामावर. ते दोघं फोनवरचा नेहमीचा नकाशा उघडून निघाले आणि नकाशा चालायचा रस्ता दाखवेचना. तपशीलवार नकाशाची माहिती देशाबाहेर न्यायला इथे तेव्हा सरकारची परवानगी नव्हती, त्यामुळे सगळे स्थानिक नकाशे वापरतात, हे मला माहीत होतं पण त्यांना सांगायचं राहून गेलं. दोघं फुटपाथवर उभे. बाजूला भाजी विकणाऱ्या आजी होत्या. बाबांनी माझा कोरियन पत्ता लिहिलेला कागद दाखवला. आजींनी दुकान शेजारणीवर सोडलं आणि दोघांना बसस्टॉपपर्यंत नेऊन चालकाला कुठे उतरवायचं ते सांगून आल्या. बाबा अजून त्या आजींची आठवण काढतात. ॲप मीही रोज वापरतो, पण त्या आजी कुठल्या ठिपक्यात येतात ते मला सांगा.

आकडेमोड
थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. माझं काम डेटाचं आहे. संशोधन वाढलं याचं साधं कारण म्हणजे आधी जे मोजताच येत नव्हतं ते मोजता यायला लागलं. पूर्वी पर्यटक कुठून कुठे गेला हे कळायला प्रश्नावली घेऊन दारात उभं राहावं लागे, लोक उत्तरंही वाट्टेल ती देत. आता लोकांनी स्वतः टाकलेले ठिकाणासकट फोटो, लाखो अभिप्राय, मोबाइल टॉवरच्या नोंदी हाताशी आहेत. जिथे उजेड पडतो तिथे लोक शोधतात, हा माणसाचा स्वभाव. त्याला नुसती फॅशन म्हणणं अन्याय आहे. कोविडनंतर माणसं विखरायची कशी, गर्दी टाळायची कशी, यासाठी हेच काम उपयोगी पडलं.

रहिवाशांचा ठिपका लहान का, तर रहिवासी आपल्याच गावाचा अभिप्राय कुठे लिहीत नाही. त्यांचा डेटा नाही म्हणून लेख नाहीत. यात कोणाचा वाईट हेतू नाही.

गोदाकाठ
@आकडेमोड, तुमच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्ही बोलते. मी नाशिकची.

२००३ च्या कुंभात चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली. आमच्या वाड्यातल्या दोन बाया त्या गर्दीतून कशाबशा परत आल्या होत्या. एकीच्या हातात फाटलेला पदर होता आणि ती दोन दिवस कोणाशी बोलली नाही. त्यानंतरच्या २०१५ च्या कुंभासाठी नाशिकमध्ये कुंभथॉन झाली, म्हणजे कुंभातल्या अडचणींवर एकत्र बसून तंत्रज्ञानाचे उपाय शोधायचा उपक्रम. अमेरिकेतल्या एमआयटीतले रमेश रासकर मूळचे नाशिकचेच, त्यांच्या पुढाकाराने. त्यात निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने मित्रांसोबत 'आशिओतो' तयार केलं. जपानीत आशिओतो म्हणजे पावलांचा आवाज. सेन्सर बसवलेली चटई वाटेत अंथरायची, तिच्यावरून माणसं चालत गेली की किती गेली ते मोजलं जातं, आणि पुढे घाटाकडे गर्दी किती साचतेय ते पोलिसांना आधी कळतं. कॅमेरा नाही, कोणाचा चेहरा नाही, नाव नाही. नुसती पावलं.

हे स्मार्ट पर्यटन नाही तर काय आहे? पण त्यावर जे लिहिलं गेलं ते गर्दी, सुरक्षा, यात्रा अशा शब्दांखाली असणार. पाऊलवाट, तुझ्या शोधशब्दात यात्रा, जत्रा, तीर्थक्षेत्र टाकलं होतंस का? आमच्याकडे माणूस पर्यटनाला जात नाही, देवाला जातो. २०२७ चा कुंभ तोंडावर आहे, त्या आधी तरी हे कोणी एका जागी आणायला हवं.

पाऊलवाट
@गोदाकाठ ताई, नव्हतं टाकलं. आत्ता हे वाचून अंगावर काटा आला. आज परत शोध लावते.

शेगावचा_भक्त
गर्दीचं निघालंच आहे तर शेगावला एकदा जाऊन पाहा. गजानन महाराज संस्थानात सेवेकरी हात जोडून 'माउली' म्हणत रांग पुढे नेतात. आवाज चढत नाही, शिट्टी वाजत नाही. यावर कोणी प्रबंध लिहिला तर मी गाडीभाडं देतो.

भूमध्य
स्पेनमध्ये अलिकान्तेला दोन वर्षं शिकले, तेव्हाचं सांगते, कारण या विषयाचं एक मूळ तिथे आहे.

बेनिदोर्म हे आधी कोळ्यांचं गाव. १९५६ मध्ये महापौर पेद्रो सारागोसा यांच्या काळात गावाचा विकास आराखडा झाला आणि आज तिथे समुद्राला लागून उंचच उंच इमारतींची रांग आहे. पहिल्यांदा बसमधून पाहिलं तेव्हा वाटलं, कोणी कफ परेड उचलून इथे आणून ठेवलं काय. स्पेनने २०१२ च्या राष्ट्रीय पर्यटन आराखड्यापासून स्मार्ट स्थळांचा कार्यक्रम सुरू केला. सेगितूर ही सरकारी संस्था तो चालवते. पाच खांब मानतात: कारभार, नवे उपक्रम, तंत्रज्ञान, शाश्वतता आणि सर्वांना वावरता येणं. त्यासाठी राष्ट्रीय मानक काढलं आणि २०१८ मध्ये बेनिदोर्म त्या मानकाचं प्रमाणपत्र मिळवणारं पहिलं स्थळ ठरलं.

गंमत अशी की पाचांत तंत्रज्ञान एकच खांब आहे. पण वर्गात आम्ही लेख वाचायचो त्यात तंत्रज्ञानच सगळीकडे. अलिकान्ते विद्यापीठातल्या इव्हार्स-बैदाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र यावर सरळ प्रश्न विचारलेत. तरुण पर्यटकाला हे सगळं खरंच हवंय का, की आपण तसं धरून चाललोय, असा २०१९ चा त्यांचा एक लेख आहे. पाऊलवाट, तो पहिल्या दहांत वाच.

त्या पाचव्या खांबाबद्दल एक. तिथल्या किनाऱ्यावर लाकडी वाट थेट पाण्याजवळ जाते. चाकाची खुर्ची वाळूत रुतत नाही. माझ्यासोबत एक मैत्रीण होती, लहानपणी पोलिओ झालेली. आयुष्यात पहिल्यांदा तिने समुद्राला स्वतः हात लावला. मला विचाराल तर सगळ्यात हुशार गोष्ट ती वाट होती. त्यात एकही सेन्सर नव्हता.

रविवारचा_ट्रेकर
@भूमध्य, ही वाट गणपतीपुळ्याला पाहिजे. माझे वडील गाडीत बसून समुद्र बघतात.

फर्दापूरकर
मी अजिंठ्याचा. आमच्या घरात तीन पिढ्या लेण्यांवर. फर्दापूर टी पॉइंटला तुमची गाडी थांबते, पुढे बसने जायचं. तिकीट आता फोनवर क्यूआरने निघतं. खाली दरीत रेंज धड नसते, म्हणून मी लोकांना टी पॉइंटलाच सांगतो, आत्ताच काढून फोटो काढून ठेवा. वर जाऊन चार जणांचं कुटुंब फोन वर धरून गोल गोल फिरतं तेव्हा वाईट वाटतं, लहान पोरं उन्हात असतात.

माझे आजोबा लेण्यात उजेड आणायचे. बाहेर एक जण पत्र्याचा चकचकीत तुकडा उन्हात धरायचा, आत आजोबा पांढऱ्या कापडावर ती तिरीप झेलायचे आणि हळूहळू भिंतीवर फिरवायचे. पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या चेहऱ्यावर तो उजेड डावीकडून आला की ओठ वेगळे दिसतात आणि समोरून आला की वेगळे. आज दिवे आहेत, रंगांना धक्का लागू नये असे, ते चांगलंच आहे. आकडेमोडसाहेब, तुम्ही म्हणता जिथे उजेड तिथे लोक शोधतात. आमच्याकडे उजेड हाताने न्यावा लागायचा, आणि कुठे न्यायचा ते आजोबा ठरवायचे. संशोधनाचंही तसंच करा ना.

आकडेमोड
@फर्दापूरकर, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मान्य. डेटा नाही हे उत्तर नव्हे. तो गोळा करायचा कोणी ठरवलं नाही, एवढंच.

लांबचा_प्रवासी
मे २०२४ मध्ये आम्ही पाडोव्याहून एका शनिवारी व्हेनिसला गेलो. त्याच वर्षी २५ एप्रिलपासून दिवसभरासाठी येणाऱ्यांना ठरावीक दिवशी ५ युरो प्रवेशशुल्क लावलं होतं, सकाळी साडेआठ ते दुपारी चार. फोनवर क्यूआर घ्यायचा, स्टेशनबाहेर जॅकेट घातलेली माणसं तपासतात. त्या मोसमात २९ दिवसांत २४ लाख युरोंच्या आसपास जमा झाले असं पुढे वाचलं. तिथल्या त्रोंकेत्तो बेटावर पालिकेची नियंत्रण कक्षासारखी खोली आहे, मोबाइलच्या माहितीवरून या क्षणी शहरात किती माणसं आहेत आणि साधारण कुठून आलीत ते पडद्यावर दिसतं. पर्यटनाच्या अभ्यासात याची उदाहरणं सारखी येतात.

मला मात्र दोन वेगळे आकडे आठवतात. रिआल्तो पुलाजवळ मोरेल्ली नावाचं औषधांचं दुकान आहे. त्याच्या काचेत २००८ पासून एक आकडा लावलेला असतो: जुन्या शहरात आज किती माणसं राहतात. २०२२ मध्ये तो ५० हजारांखाली गेला. दुसरा आकडा कॅम्पो सांता मार्गेरितातल्या पुस्तकाच्या दुकानात, पर्यटकांसाठी किती खाटा आहेत त्याचा. २०२३ मध्ये खाटा माणसांच्या पुढे गेल्या. हा दुसरा आकडा लावला तो तिथे राहणाऱ्या लोकांच्या एका गटाने. मी औषधं घ्यायला आत शिरलो होतो, बायकोचं डोकं दुखत होतं. बाहेर येऊन काचेतला आकडा वाचला आणि आम्ही दोघंही गप्प झालो. आम्ही त्या खाटांच्या बाजूचे होतो.

पाऊलवाट, रहिवाशांचा डेटा नाही असं नाही. तो औषधाच्या दुकानात लावलेला असतो.

प्राध्यापक_रजेवर
संशोधन का वाढतं याचं एक कारण कोणी लिहिलं नाही, मी लिहितो. पदोन्नतीला लेख लागतात. पीएचडीला २०२२ पर्यंत प्रकाशित लेख सक्तीचा होता, त्या वर्षीच्या नव्या नियमांत यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सक्ती काढली. कुठल्या नियतकालिकांतले लेख मान्य धरायचे त्याची यूजीसीची केअर यादी २०१८ मध्ये ठरली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. या सगळ्या धावपळीत ज्याला निधी नाही, ज्याला महिनाभर गावात राहता येत नाही, तो संगणकावर बसून जे होईल ते करतो. आढाव्याचा लेख घरबसल्या होतो. मी स्वतः असे दोन लिहिले आहेत आणि ते कामाचे आहेत असं आजही मानतो, कारण त्यातूनच कळलं की पुढे कुठे जायला हवं. पण पुढे गेलो नाही, मुलगी दहावीला होती. पोरी, तुझ्याकडे तीन वर्षं आहेत. आढावा पहिल्या प्रकरणात संपव आणि बाहेर पड.

निलगिरीवाला
कोइमतूरला असतो. उटी आणि कोडाईकनालला मे २०२४ पासून ई-पास लागतो, मद्रास उच्च न्यायालयाचा आदेश. २०२५ च्या उन्हाळ्यात उटीला रोज ६००० आणि शनिवार-रविवारी ८००० गाड्यांची मर्यादा घातली, कोडाईला ४००० आणि ६०००. डोंगराला किती झेपतं त्याचा अभ्यास आयआयटी मद्रास आणि आयआयएम बंगळुरू यांच्याकडे दिला. स्थानिक गाड्यांना पास लागत नाही. हॉटेलवाले नाराज होते, बाजारवालेही. पण पहिल्यांदा कोणीतरी विचारलं की डोंगराला किती झेपतं. संशोधन न्यायालयात पोचलं तर असं होतं.

सातारी_कंदी
आमच्या कासला फुलांच्या दिवसांत ऑनलाइन बुकिंग लागतं, त्याची आठवण झाली. आधी लोक फुलांवर बसून फोटो काढायचे हो. आता गावातलीच पोरं शिट्टी घेऊन उभी असतात. त्यांना रोजगार आणि फुलांना जीवदान.

माका_सांगा
मी मालवणचा. आईची न्याहारी-निवासाची तीन खोल्यांची जागा. उशिरा लिहितोय, जाळी ओढायचे दिवस होते.

पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, ही गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण फोनवर किल्ला 'उघडा, २४ तास' दाखवतो. गेल्या जुलैत पुण्याची सात माणसं रात्रभर गाडी हाकून सकाळी सहाला दारात. म्हातारे आजोबा सोबत, किल्ल्यातल्या शिवराजेश्वर मंदिराचं दर्शन घ्यायचं म्हणून आलेले. जेटीवर उभं राहून पाण्याकडे बघत बसले. आईने त्यांना घावणे आणि चाय दिली आणि म्हणाली, बाबा, दर्यालाही विश्रांती लागते, दसऱ्यानंतर येवा. दुरुस्ती सुचवायचं बटण मी चार वेळा दाबलं. ते आजोबा परत आले नाहीत. दिवाळीत मुलाचा फोन आला, ते गेले म्हणून.

ह्या झाला एक. दुसरं असं की आईकडे एक वही आहे. २००६ पासूनची. कोण आलं, कुठनं आलं, किती दिवस, काय खाल्लं, काय आवडलं नाही, त्या महिन्यात विहिरीला पाणी किती हात होतं, मासा कुठला आणि काय भावाने मिळाला. ती अभिप्राय वाचत नाही, तिला इंग्रजी येत नाही. पण कुठल्या वर्षापासून मे महिन्यात टँकर लागायला लागला ते तिला पान उघडून सांगता येतं. आकडेमोडसाहेब, हा डेटा चलतलो काय?

आकडेमोड
चालेल? अहो, यासाठी लोक आयुष्यभर वाट बघतात. पाहुण्यांची संख्या आणि विहिरीचं पाणी, एकाच हाताने, एकाच ठिकाणी, इतकी वर्षं! पाऊलवाट, वाचतेयस ना? आकडे उतरवून मांडायला मी येतो, पैसे नकोत.

ग्रंथपाल_मावशी
आधी परवानगी. ती वही त्या माउलीची आहे. काय उतरवायचं, काय नाही, ते ती ठरवेल. लेखी घ्या, मराठीत, तिला वाचून दाखवून. पाहुण्यांची नावं कुठेही येता कामा नयेत.

पाऊलवाट
मंडळी, चार दिवस लिहिलं नाही कारण वाचत होते. यात्रा आणि तीर्थक्षेत्र टाकून शोध परत लावला, नकाशाचा आकारच बदलला. मावशी, पन्नास-पन्नास लेख हाताने वाचायला घेतलेत, अकरा झाले. अकरापैकी सात लेखांत प्रश्न तोच, नाव नवं. बाकी चार खरोखर नवे आहेत आणि त्यातले दोन फार चांगले आहेत. एवढ्यावरून काही म्हणणार नाही, पण उत्तर 'दोन्ही' असं दिसतंय.

आज मार्गदर्शकांना भेटले. आढावा एका प्रकरणात, पुढची तीन प्रकरणं किनाऱ्यावरच्या घरगुती निवासांच्या नोंदींवर, असं मांडलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, माझी मावशी आरवलीला असते, तिच्याकडेही अशी वही आहे, मी कधी उघडून बघितली नाही. आराखड्याचं नाव त्यांनीच बदलून दिलं. शब्दवेडा, मराठी शीर्षकात 'जाणतं पर्यटन' घातलंय.

@माका_सांगा दादा, गणपतीनंतर आले तर चालेल का? आईंना विचाराल? मी स्वयंपाकाला मदत करीन, वही त्या म्हणतील तेव्हाच बघीन.

माका_सांगा
विचारलं. आई म्हणाली, येऊ दे चेडवाक, खोलीचे पैसे नको. वही दाखवतलंय. पण मागच्या बाजूला उधारी लिहिलेली आसा, ती पानं मी आधी सुईदोऱ्याने शिवून ठेवतलंय.